वीस गुंठे बासमती : येळ्ळूर शिवारातला एक निर्णय

मे 2025चा शेवटचा आठवडा. दरवर्षी या दिवसांत येळ्ळूर शिवारात धुळवाफ पेरणी चालू असते. कोरड्या, भुसभुशीत मातीत भात पेरायचं आणि मग पावसाची वाट बघायची, ही बेळगाव तालुक्यातली जुनी रीत. त्या वर्षी धूळ उरलीच नाही. वळीव थांबायला तयार नव्हता, आणि 24 मे रोजी मान्सून केरळात उतरला तो दोन दिवसांत महाराष्ट्रातही पोचला. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, मिळेना. मामांच्या गोठ्यात पेरणीची कुरी भिंतीला टेकून उभी होती आणि मामा रोज सकाळी बांधावर जाऊन पायाचा अंगठा मातीत रुतवून परत येत होते.

अखेर ठरलं की यंदा पेरणी नाही, तरवा टाकून, म्हणजे आधी वाफ्यात रोप वाढवून, मग ते लावायचं. हे ठरलं आणि घरात सहा वर्षं गप्प बसलेला एक विषय पुन्हा निघाला. पेरणीला बी जास्त लागतं, रोप लावायला थोडक्यात भागतं. मामीनं कणगीत राखलेलं बेळगाव बासमतीचं, म्हणजे इकडच्या जुन्या वासाच्या भाताचं, बी जेमतेम बारा किलो होतं. पेरून ते कुठंच पुरलं नसतं. तरव्यासाठी मात्र अर्ध्या एकराला पुरेसं होतं.

"लावूया की यंदा थोडी," मामी म्हणाली.

मामा लगेच काही बोलले नाहीत. त्या घराचा जमाखर्च गेली काही वर्षं मी लिहिते, म्हणून मला बोलावणं आलं. पुढच्या पंधरा दिवसांत त्या घरात जे बोलणं झालं आणि पुढे सुगीत जे घडलं, ते सगळं इथं मांडते आहे. वासाचा, चवीचा, वेगळा वाण लावावा की नाही यावर सल्ला देणारे पुष्कळ असतात. पण शेतकरी प्रत्यक्षात कशावरून ठरवतो हे फारसं कुणी लिहून ठेवत नाही.

जमीन आणि माणसं

घरची जमीन अडीच एकर. एक एकर बळ्ळारी नाल्याकडच्या सखल भागात, दीड एकर वरच्या अंगाला. माती काळी. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात शहापूर, वडगाव, येळ्ळूर, धामणेच्या शिवारात पसरतं. वर्षाआड रोप कुजतं आणि दुबार लावणी करावी लागते. मामांचं खालचं एकर त्यातच येतं.

खरिपात भात आणि भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा किंवा हरभरा. हे दुसरं पीक फार महत्त्वाचं आहे. त्याला पाणी द्यावं लागत नाही, खत जवळजवळ नाही, आणि बेळगावची बारीक मसूर घरबसल्या विकली जाते. अट एकच : भात वेळेवर निघालं पाहिजे. नोव्हेंबर सरला की काळी माती वरून भेगाळायला लागते.

त्या वेळी सगळ्या अडीच एकरांत इंद्रायणी असायची. शिवारातही बहुतेकांची तीच. इंद्रायणी ही पुणे जिल्ह्यातल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राची जात. आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून ती तयार झाली आणि 1987 साली प्रसारित झाली. तिला बेतास बात वास आहे, भात मऊ होतो, उतारा भरवशाचा आहे. इंद्रायणीनं इकडची बासमती हटवली ती काही फसवून नव्हे. ती खरोखर चांगली जात आहे, आणि वाणाच्या प्रेमापोटी हे विसरलं तर पुढचा सगळा विचार चुकतो.

बेळगाव बासमती उंच वाढते. काडी नाजूक. नत्र थोडं जास्त झालं की ओंबी भरताना आडवी होते. मामांच्या शेतात ती इंद्रायणीपेक्षा पंधरवडाभर उशिरा निघते. एकरी बारा क्विंटल आलं तर मामा समाधानानं मान डोलावतात. इंद्रायणी वीसच्या आसपास जाते.

2018ची आठवण

मामा गप्प का होते ते सांगायला हवं. 2018 साली त्यांनी वरचं पूर्ण एक एकर बासमती लावली होती. एका व्यापाऱ्यानं सुगीआधी तोंडी चांगला दर सांगितला होता. भात वाळवून पोती भरल्यावर तोच व्यापारी आला, मूठभर दाणे तळहातावर चोळले, नाकाशी नेले आणि म्हणाला की यात भेसळ आहे. मग इंद्रायणीच्या दरावर दोनशे रुपये जास्त देतो म्हणाला. घरात ठेवायला जागा नव्हती, सोसायटीचं कर्ज फेडायची तारीख जवळ आली होती. दिलं.

भेसळ होती का? थोडी होती, हे मामाही कबूल करतात. घरोघर राखलेल्या बियात चार-दोन परकी रोपं येतातच. पण वास ही मोजून दाखवायची गोष्ट नाही, आणि ज्याच्या हातात पैसे त्याचंच नाक शेवटी खरं ठरतं. त्या दिवसापासून मामा एकच वाक्य बोलत आले : "दर इचारू नको. घेणार कोण, ते इचार."

कागदावरचा हिशेब

मी वही घेऊन बसले. पहिला हिशेब मांडला तो मामींच्या धाकट्या भावानं, आणि तो असा : इंद्रायणीचं भात एकरी वीस क्विंटल, दर 2,600 म्हणजे 52,000 रुपये. बासमती बारा क्विंटल भात, गिरणीतून सातशे किलो तांदूळ, किलोला 100 रुपये म्हणजे 70,000. दळणावळ, पोती, भाडं सहा हजार वजा केलं तरी 64,000. एकरी बारा हजारांचा फायदा!

ऐकायला छान वाटलं. पण या हिशेबात एक मोठी चूक आहे, आणि ती मी बऱ्याच ठिकाणी ऐकली आहे. एका बाजूला भात विकलं आहे, दुसऱ्या बाजूला तांदूळ. मग इंद्रायणीचाही तांदूळच करून विकला तर? वीस क्विंटल भाताचा साधारण साडेबाराशे किलो तांदूळ. किलोला 55 धरले तर 68,750. खर्च नऊ हजार गेला तरी 59,750 हातात राहतात. फरक बारा हजारांवरून सव्वाचार हजारांवर आला. आणि दोन्हीही भात म्हणूनच व्यापाऱ्याला घातली तर? बासमतीला त्या वेळी 3,600चा दर कानावर होता. बारा क्विंटलचे 43,200. इथं तर बासमती इंद्रायणीच्या मागं पडते.

म्हणजे जास्तीचे पैसे वाणात जेवढे आहेत त्याहून अधिक घरून तांदूळ विकण्यात आहेत. हे लक्षात आल्यावर घरातला प्रश्नच बदलला. बासमती लावायची की नाही, हे बाजूला राहिलं. घरून किती किलो तांदूळ विकला जाईल, हा प्रश्न पुढं आला.

केंद्रानं त्याच आठवड्यात 2025-26चा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये जाहीर केला. हमीभाव साधं भात आणि अ दर्जाचं भात एवढाच भेद जाणतो. वासाला त्यात वेगळी ओळ नाही. इंद्रायणीला निदान तळाशी तो आधार आहे, बासमतीच्या जास्तीच्या दराला खालून काहीच नाही.

किलोवरून गुंठ्यांकडे

मामींनी यादी करायला घेतली. पुण्यातली नणंद, कोल्हापूरची बहीण, बेळगावात टिळकवाडीत राहणारे ओळखीचे, मुंबईचे दोन शेजारी जे दर गणपतीला येतात. प्रत्येकाला फोन. "बासमती लावली तर घेणार काय? किती?" तेवीस घरं, तीनशे चाळीस किलो.

मामांनी यादी बघितली आणि एक तृतीयांश कापली. "बोलताना धा किलो, नेताना पाच." त्यांच्या मते खरे गिऱ्हाईक दोनशे तीस किलोंचे. त्यात घरासाठी चाळीस किलो. बासमती रोजच्या भाताला नसते. म्हाळाला, सणाला, पाहुणा आला तर, आणि बाळंतिणीच्या घरी पाठवायला. एकूण दोनशे सत्तर किलो तांदूळ. शंभर किलो भाताला अठ्ठावन्न किलो तांदूळ धरला तर पावणेपाच क्विंटल भात हवं. पुढच्या वर्षीच्या बियाला तीस किलो. पाच क्विंटल. एकरी बाराच्या हिशेबानं सोळा-सतरा गुंठे.

वरच्या अंगाला विहिरीजवळ बरोबर वीस गुंठ्यांचा तुकडा आहे. दोन-तीन गुंठे पडझडीसाठी. ठरलं.

मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. 2018 साली त्यांनी जमिनीकडून सुरुवात केली होती : एक एकर आहे, लावूया, मग विकूया. या वेळी सुरुवात तेवीस घरांच्या डब्यांपासून झाली आणि जमीन शेवटी आली.

खालच्या एकराचा विचारसुद्धा झाला नाही. तिथं पाणी चढून रोप कुजलं तर इंद्रायणी पुन्हा लावता येते, बी मिळतं. बासमतीचं बारा किलो बी गेलं की गेलंच. सवलतीच्या दरात मिळतं ते अधिसूचित जातींचं प्रमाणित बियाणं. घरात राखलेल्या वाणाची पिशवी कुठल्याही काउंटरवर नसते. धारवाडजवळच्या मुगद केंद्राची 'मुगद सुगंधा' ही सुधारित वासाची जात आहे, ती का नको, असं मी विचारलं. मामींचं उत्तर सरळ होतं : यादीतल्या तेवीस घरांनी बासमती मागितली आहे.

शेजाऱ्यांचं काय

एवढं सगळं जुळल्यावरही एक अडचण उरली होती, जी माझ्या वहीत कुठंच नव्हती. ती काढली शेजारच्या बांधावरच्या आप्पांनी. संध्याकाळी कट्ट्यावर ते सहज म्हणाले, "सगळं शिवार मोकळं झाल्यावर तुमचं एकट्याचं उभं राहणार. पाखरं जाणार कुठं?"

उशिरा येणाऱ्या वाणाचं खरं दुखणं हे आहे. शिवारभर एकच जात असली की सगळ्यांचं भात एका आठवड्यात पिकतं, आणि पाखरं, उंदीर, डुकरं यांचा त्रास शेकडो एकरांत वाटला जातो. एकट्याचं वीस गुंठे मागं राहिलं की सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. शिवाय मोकळ्या शिवारात गुरं सोडतात, ती बांध बघत नाहीत. कापणी यंत्र शिवारात एकदाच येतं. मागाहून वीस गुंठ्यांसाठी कोण आणणार? आणि आजूबाजूच्यांनी मसूर पेरली की यंत्राला वाटही राहत नाही.

मामांनी यावर दोन गोष्टी केल्या. विहिरीजवळचा तुकडा गाडीवाटेला लागून होता, म्हणून वाटेचा प्रश्न सुटला. आणि ती बासमती यंत्रानं कापायचीच नाही, विळ्यानं कापून बडवायची, असं ठरवलं. मजुरी जास्त, पण पिंजर, म्हणजे भाताचं काड, लांब आणि अखंड मिळतं. दोन म्हशींच्या घरात ते वाया जात नाही. पाखरांसाठी मात्र उपाय एकच, माणूस. ते काम मामींनी अंगावर घेतलं. हिशेबाच्या वहीत मी त्याचे पैसे लिहायला गेले तर त्या हसल्या. मी तरी लिहिले. बायकांचे हे दिवस वहीबाहेर राहतात म्हणूनच कितीतरी वाण कागदावर फायद्याचे दिसतात.

सुगी

तरवा जूनमध्ये, लावणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात. युरिया इंद्रायणीच्या निम्मा. ओंब्या बाहेर पडल्यावर मामा आणि मामी दोन दिवस ओळीओळीनं फिरले आणि वेगळी दिसणारी रोपं, कुसळाची, लाल टोकाची, बुटकी, मुळासकट उपटून काढली. 2018 साली हे केलं नव्हतं.

दिवाळीनंतर पाऊस आला. एका कोपऱ्यातलं तीन-चार गुंठे भात आडवं झालं. बाकी उभं राहिलं. डिसेंबर लागता लागता कापणी झाली.

वाळवण्याची गोष्ट थोडी सविस्तर लिहिते, कारण पैसे तिथं जातात. लांब, बारीक दाणा कडक उन्हात भराभरा वाळला की आतून तडकतो. बाहेरून काही दिसत नाही, गिरणीत गेल्यावर निम्मी कणी होते. कणीला किलोला शंभर रुपये कोण देणार? मामींनी अंगणात पातळ पसरून, दुपारी गोळा करून, सावलीत ठेवून, तीन-चार दिवस घेतले. गिरणीतही एक पथ्य पाळलं. आधीच्या माणसाचा तांदूळ यंत्रात राहिलेला असतो, म्हणून आपले पहिले दहा किलो वेगळे काढून घरात ठेवले. यादीतल्यांना गेला तो त्यानंतरचा.

आणि सगळं भात एकदम भरडलं नाही. वास तांदळात फार टिकत नाही, टरफलात जास्त टिकतो. वासाच्या सगळ्या तांदळांत मुख्य द्रव्य एकच आहे, 2-अॅसिटिल-1-पायरोलिन असं त्याचं नाव. साध्या भातात अन्नपूर्णेचं पान टाकतात तेव्हा येणारा वासही त्याचाच. ते उडून जाणारं द्रव्य आहे. म्हणून महिन्याला जेवढी मागणी तेवढंच भरडायचं.

पिशव्यांवर काय छापायचं यावर घरात वाद झाला. मामांच्या मुलाला 'बेळगाव बासमती' हवं होतं. मी नको म्हटलं. बासमती या नावाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते हिमालयाच्या पायथ्याकडच्या उत्तरेतल्या प्रदेशासाठी. पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली, उत्तराखंड, उत्तर प्रदेशाचा पश्चिम भाग आणि जम्मूकडचे काही जिल्हे. आपण घरात, गल्लीत काहीही म्हणू, पण विकायच्या पिशवीवर ते नाव छापणं अंगाशी येऊ शकतं. पलीकडे गडहिंग्लजच्या पुढं आजऱ्याच्या घनसाळला त्याच 2016 साली स्वतःच्या नावानं मानांकन मिळालं. आपल्या पिकाला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावानं हाक मारत राहिल्याची ही किंमत आहे, आणि मला तिचं वाईट वाटतं. शेवटी पिशवीवर छापलं, 'येळ्ळूरचा वासाचा तांदूळ'.

हातात काय आलं

भात साडेपाच क्विंटल झालं. तीस किलो बियाला काढलं. उरलेल्याचा तांदूळ दोनशे पंच्याण्णव किलो. घरचे चाळीस सोडून दोनशे पंचावन्न किलो विकला गेला. मामांनी यादी कापली ती थोडी जास्तच कापली होती, तीन घरांना नाही म्हणावं लागलं.

घरचा तांदूळही त्याच दरानं धरला तर 29,500. खर्च जाता 27,000. शेजारच्या इंद्रायणीचा त्या वर्षीचा उतारा एकरी अठराच होता. तेवढ्याच वीस गुंठ्यांत इंद्रायणी असती आणि ती भात म्हणूनच विकली असती तर नऊ क्विंटल, 2,500च्या दरानं 22,500. फरक साडेचार हजारांचा. पण उशीर झाल्यानं त्या तुकड्यातली मसूर निम्मीच आली, तिथं दोन हजार गेले. मामींचे पाखरं राखण्याचे बावीस दिवस मजुरीनं धरले तर फरक पुसला जाऊन उलट तोटा दिसतो. पिंजर जास्त मिळालं, ते मी मोजलं नाही.

म्हणून कुणी मला विचारलं की वासाचा वाण परवडतो का, तर या घराचं उत्तर वहीत लिहिलं आहे : घरचे दिवस फुकट धरले तर थोडासा, मोजले तर नाही. यात वाणाचा दोष मला दिसत नाही. वीस गुंठ्यांची राखण आणि दोन एकरांची राखण यांना माणूस एकच लागतो. आप्पांचं म्हणणं उलट्या बाजूनं वाचलं तर उपाय तिथंच आहे. चार बांध लागून एकच उशिराचं वाण असेल तर राखण वाटली जाते, यंत्र पुन्हा आणता येतं, गुरं सोडायला लोक थांबतात. एकट्यानं ठरवायच्या या गोष्टीच नाहीत, आणि सल्ला मात्र प्रत्येक शेतकऱ्याला एकेकटा धरूनच दिला जातो.

फेब्रुवारीत आप्पा बी मागायला आले. त्यांच्या सुनेनं मामींकडून आणलेला तांदूळ एका बारशाला शिजवला होता. 2001च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बी राखायची, द्यायची, ब्रँडविना विकायचीही मुभा आहे, असं मी सांगू लागले. कुणी ऐकत नव्हतं. मामींनी कडुनिंबाचा पाला बाजूला सारून कणगीत हात घातला होता.

"पंधरा किलो देतो," मामा म्हणाले. "पैसं नकोत. पण लावायची ती माझ्या बांधाला लागून. खालच्या अंगाला लावणार असशील तर बी ठेव हितंच."

आप्पांनी थोडा वेळ विचार केला. विहिरीकडच्या बाजूला त्यांचे पंचवीस गुंठे आहेत, तिथं गेल्या वर्षी रताळी होती.

"आनि पाखरं?"

"एक दिस तुमची सून, एक दिस मी," मामी म्हणाल्या आणि माप भरायला लागल्या.